सप्रेम भेट, पाच हजारांच्या आत

खैरताबादच्या महागणपतीचं हुसेनसागरात विसर्जन झालं की हायटेक सिटीच्या काचेच्या इमारतींत एक समिती स्थापन होते. नाव भारदस्त असतं, 'फेस्टिव्ह एंगेजमेंट कौन्सिल' किंवा तत्सम. काम एकच, दिवाळीला कर्मचाऱ्यांच्या हातावर काय ठेवायचं ते ठरवणं. सभासद सगळीकडे सारखेच. एचआरच्या मॅडम, फायनान्सचे एक मितभाषी गृहस्थ, फॅसिलिटी सांभाळणारे रावगारू आणि 'तुझी कल्पकता छान आहे' असं म्हणून ओढून आणलेली परभणीची एक नवी इंजिनिअर. पहिल्या बैठकीत एकमतानं ठरतं की यंदा काहीतरी वेगळं द्यायचं. चौथ्या बैठकीत एकमतानं ठरतं की सुका मेवा द्यायचा.

मधल्या दोन बैठकींत जे घडतं ते नोंदवून ठेवण्याजोगं आहे.

दुसऱ्या बैठकीत मितभाषी गृहस्थ एकच वाक्य बोलतात, "पाच हजारांच्या आत." मालकानं वर्षभरात दिलेल्या वस्तू आणि व्हाउचर यांची एकूण किंमत पाच हजारांच्या आत राहिली तर प्राप्तिकराच्या हिशेबी ती शून्य, ही तरतूद वर्षानुवर्षं चालत आलेली होती. रोख पैसे दिले तर मात्र पहिल्या रुपयापासून तो पगारच. म्हणजे माणसाला जे हवं असतं त्यावर कर आणि जे माळ्यावर जाणार असतं त्यावर माफी. जीएसटीचा कायदा वरकरणी आणखी दिलदार. एका कर्मचाऱ्याला वर्षाला ५० हजारांपर्यंत भेट दिली तर तो तिला पुरवठा मानत नाही. पण भेट म्हणून वाटलेल्या मालावर भरलेल्या कराचं क्रेडिटही देत नाही. प्रेमाला इनपुट क्रेडिट नाही, असं हे कलम सांगतं. गृहस्थ तोंडानं पाच हजार म्हणाले तरी त्यांच्या मनात सातशे आहेत, हे रावगारूंना अनुभवानं ठाऊक असतं.

मग कल्पकतेला वाव मिळतो. तांब्याची बाटली, सुगंधी मेणबत्ती, कुंडीतलं रोप, बांबूच्या पेटीतला चहा, असे प्रस्ताव येतात. तांब्याची बाटली गेल्या वर्षी झालेली असते. त्याच्या आदल्या वर्षीही. मेणबत्तीमुळे कुणाला शिंका येतात, रोप सुट्टीत वाळतं. कुणीतरी कंपनीचं नाव कोरलेलं काचेचं पेपरवेट सुचवतं. हैदराबादेत हे सुचवायला धाडस लागतं, कारण सातवे निजाम मीर उस्मान अली खान सुमारे १८५ कॅरेटचा जेकब हिरा पेपरवेट म्हणून वापरत, असं या गावात पोरंसोरंही सांगतात. त्यांनी हिऱ्याचं पेपरवेट केलं. कंपन्या पेपरवेटचा हिरा करू पाहतात.

या निजामांचा भेटवस्तूंच्या संदर्भात आणखी एक लौकिक आहे आणि एचआरच्या अभ्यासक्रमात तो का नाही, कळत नाही. दरबारात अमीर-उमराव, जहागीरदार, अधिकारी हुजुरांपुढे नजराणा धरत. रिवाज असा की सोन्याची अशर्फी पुढे करायची, हुजुरांनी तिला हात लावायचा आणि देणाऱ्यानं ती परत घेऊन मागे सरकायचं. उस्मान अली खान १९११मध्ये गादीवर आले. ते हात लावत, पण परत करण्याचा भाग गाळत, अशी त्यांची ख्याती. १९३७मध्ये 'टाइम' साप्ताहिकानं त्यांना मुखपृष्ठावर छापलं, जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून. कर्मचाऱ्यांकडूनच सणाची भेट घेण्याची ही पद्धत आजच्या व्यवस्थापनाला अजून जमलेली नाही. वर्गणी काढून साहेबांचा वाढदिवस साजरा करण्यापर्यंतच मजल गेली आहे.

वरून खाली येणारी भेट तेव्हाही होती. तिला खिलत म्हणत. हुजूर खूश झाले की मानाची वस्त्रं बहाल व्हायची आणि ती अंगावर घालून मिरवायचं असायचं, म्हणजे माणूस कुणाचा ते गावाला दिसे. आपल्याकडेही पेशवेपदाची वस्त्रं साताऱ्याहून यायची. माधापूर-हायटेक सिटीच्या कंपन्यांनी ही परंपरा इमानेइतबारे चालवली आहे. छातीवर बोधचिन्ह छापलेला टी-शर्ट देतात. खिलतीला निदान माप घ्यायला शिंपी येत असेल. टी-शर्ट मात्र सगळ्यांना एकाच मापाचा येतो, कारण पुरवठादाराकडे तेच उरलेलं असतं. तो घालून माणूस रविवारी भाजी आणायला जातो आणि कंपनीची फुकट जाहिरात करतो. हा खर्च भेटवस्तूंत धरायचा की जाहिरातीत, यावर मितभाषी गृहस्थ प्रथमच दोन वाक्यं बोलतात.

तिसरी बैठक गोडाची, आणि इथे हैदराबाद खरी परीक्षा घेतं. या शहरात प्रत्येकाचं दुकान ठरलेलं असतं आणि दुसऱ्याचं दुकान बिघडलेलं असतं. पुल्ला रेड्डींची तुपातली मिठाई म्हणावी, तर कुणाला तूप चालत नाही. कराची बेकरीची फ्रूट बिस्किटं सुचवावीत, तर "ती आम्ही पाहुण्यांना विमानतळावर देतो" असं उत्तर येतं. फाळणीनंतर आलेल्या खानचंद रामनानी यांनी १९५३मध्ये मोअज्जमजाही मार्केटपाशी थाटलेल्या त्या बेकरीनं सिंध ते तेलंगण एवढं अंतर एका बिस्किटात बसवलं. समितीला ते बिस्किट एका डब्यात बसवता येत नाही. उस्मानिया बिस्किट सगळ्यांना आवडतं, पण ते फार स्वस्त आहे. स्वस्त वस्तू दिली तर कंपनी कंजूष दिसते, म्हणून तिच्याहून महाग आणि तिच्याहून बेचव वस्तू शोधणं भाग पडतं. सोनपापडीचं नाव मात्र कुणी काढत नाही. तो डबा घरोघर फिरत फिरत एक दिवस मूळ मालकाकडे परत येतो, याची धास्ती व्यवस्थापनालाही असते.

परभणीची इंजिनिअर तेवढ्यात एक व्यवहारी शंका काढते. डबा केव्हा वाटणार? तेलंगणात सुट्टीची खरी चैन दसऱ्याला, बतुकम्माला. दिवाळीची सरकारी सुट्टी एकाच दिवसाची. मराठी माणसाची दिवाळी वसुबारसेला सुरू होऊन भाऊबीजेला संपते आणि त्या मधल्या दिवसांसाठी तो देवगिरी नाहीतर अजिंठा एक्स्प्रेसचं तिकीट दोन महिने आधी काढून बसलेला असतो. डबा लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी वाटला तर तो नांदेड, परभणी, लातूरच्या रिकाम्या खुर्च्यांना मिळणार. शंका रास्त असल्यामुळे ती इतिवृत्तात नोंदवली जाते आणि तिथेच राहते.

शेवटी सगळे रस्ते बेगम बाजाराकडे जातात. काजू, बदाम, मनुका यांची घाऊक पेठ. या बाजाराची जागाच मुळात भेट आहे. दुसरे आसफजाह निजाम अली खान यांच्या पत्नी हमदा बेगम यांनी व्यापाऱ्यांना ती दिली, म्हणून बेगम बाजार. त्या बाईंनी जमीन दिली, समिती मेव्याचा डबा देते, एवढ्यावरून काळ किती बदलला ते कळतं. रावगारू भाव काढतात, दुकानदार डोळ्यांनीच बजेट मोजतो आणि म्हणतो, "पिस्ता नक्को, किशमिश बढाओ." डब्याचं झाकण मोठं, तळ उंच, कप्पे चार, मेवा चिमूटभर. मखमल मात्र भरपूर. मेवा संपल्यावर त्या डब्यात बटणं ठेवता येतात, आणि बहुधा तीच या भेटीची टिकणारी बाजू.

फुकट मिळालेलं माणूस गोड मानून घेतो, अशी देणाऱ्यांची एक समजूत असते. तेलंगण सरकारनं २०१७मध्ये बतुकम्मासाठी राज्यभरातल्या बायकांना एक कोटीच्या आसपास साड्या वाटल्या. काम सिरसिल्लाच्या यंत्रमागांना मिळावं, हा हेतू. पण तेवढ्या साड्या वेळेत विणून होईनात म्हणून बराच माल सुरतेहून आला. काही गावांत बायकांनी पोत हातात घेऊन पाहिला आणि साड्या रस्त्यात पेटवल्या. त्याच सुरतेत सावजी ढोलकिया या हिरे व्यापाऱ्यानं २०१६च्या दिवाळीत कर्मचाऱ्यांना १,२६० मोटारी आणि ४०० घरं जाहीर केली होती. ती बातमी दर दिवाळीला कुणी ना कुणी ऑफिसच्या ग्रुपवर टाकतं. खाली मॅडम हात जोडलेली खूण टाकतात आणि विषय संपतो.

बोनसची गोष्ट वेगळी, कारण तो भांडून मिळवलेला आहे. इंग्रजांनी बारा महिन्यांचा पगार देताना तेरावा महिना खाल्ला आणि मग तो दिवाळीला परत केला, अशी एक कथा मोबाइलवर फिरते. फॉरवर्डकडे पुरावा मागू नये. मुंबईच्या गिरण्यांची हकिगत मात्र कागदोपत्री आहे. पहिल्या महायुद्धात नफा उसळला तसा गिरणीमालकांनी लागोपाठ काही वर्षं बोनस दिला आणि १९२३ साली हात आखडता घेतला. १९२४च्या जानेवारीत सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या समितीनं निवाडा दिला की कामगारांना बोनसवर कायदेशीर हक्क सांगता येत नाही. म्हणजे ती खुशी. खुशीचा हक्क व्हायला चार दशकं लागली. १९६५च्या कायद्यानं किमान चार टक्के ठरवून दिले आणि सत्तरच्या दशकात ते ८.३३ टक्के झाले, म्हणजे वर्षाला साधारण एका महिन्याचा पगार.

अर्थात 'पगार' म्हणजे किती, हे विचारायचं असतं. सिकंदराबादेत दक्षिण मध्य रेल्वेचं मुख्यालय आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांसाठी दर दसऱ्याआधी वर्तमानपत्रात मथळा येतो, 'रेल्वेला ७८ दिवसांचा बोनस'. शेजारचे लोक पेढे मागतात. हिशेब मात्र महिना सात हजार पगार धरून होतो, म्हणून माणूस कितीही जुना असला तरी हातात जास्तीत जास्त १७,९५१ रुपये पडतात. पेढ्यांचे वजा जाता त्याहून कमी.

सरकारी कंपन्यांत मेव्याचा प्रश्न आता मिटलाच आहे. २०२०मध्ये केंद्रानं खात्यांना आणि उपक्रमांना डायऱ्या, कॅलेंडरं, सणांची शुभेच्छापत्रं छापायला बंदी केली. सप्टेंबर २०२५मध्ये अर्थ मंत्रालयानं दिवाळी आणि इतर सणांच्या भेटींवरही सरकारी पैसा खर्च करू नका, असं बजावलं. ईसीआयएल, एनएमडीसी, बीडीएल, मिधानी अशा सार्वजनिक कंपन्यांची मुख्यालयं असलेल्या या गावात पुरवठादारांची केवढी पंचाईत! त्यांनी आता सगळी आशा हायटेक सिटीवर ठेवली आहे.

आणि तिथे चौथ्या बैठकीत, डबा ठरल्यावर, रावगारू तो प्रश्न विचारतात जो पहिल्या बैठकीत यायला हवा होता. किती डबे? म्हणजे यादीत कोण? पगारपत्रकावरचे सगळे, हे उघड. पण दारावरचे गार्ड एजन्सीचे. झाडूपोछा करणाऱ्या बायका दुसऱ्या एजन्सीच्या. कँटीन तिसऱ्याचं, कॅबचे ड्रायव्हर चौथ्याचे. ज्यांच्याशिवाय ऑफिस सकाळी उघडत नाही ती सगळी माणसं कायद्यानं दुसऱ्या कुणाचीतरी आहेत. मॅडम हळहळतात. मितभाषी गृहस्थ म्हणतात, "त्यांचं व्हेंडर बघेल." व्हेंडरला विचारलं तर तो म्हणतो, प्रिन्सिपल एम्प्लॉयर बघेल.

हा प्रश्न निदान एका ठिकाणी रुपयांत मोजलेला आहे. सिंगरेनी कोळसा कंपनी तेलंगणची. तिच्या खाणी गोदावरीच्या खोऱ्यात, पलीकडे आपले चंद्रपूर आणि गडचिरोली. दसऱ्याआधी नफ्यातला वाटा कामगारांना मिळतो. २०२४मध्ये सरासरी एक लाख ९० हजार रुपये मिळाले आणि कंत्राटी कामगारांचाही पहिल्यांदाच विचार झाला, माणशी पाच हजारांचा. पुढच्या वर्षी कायम कामगाराचा वाटा १,९५,६१० रुपयांवर गेला आणि कंत्राटी कामगाराचा साडेपाच हजारांवर. टक्केवारीनं पाहिलं तर कंत्राटी कामगाराची वाढ जास्त. असा आनंद आकडेवारीच देऊ शकते.

महाराष्ट्रानं यावर अधिक कौटुंबिक तोडगा काढला आहे. अंगणवाडी सेविकांना पगार नाही, मानधन. त्यांना बोनस देता येत नाही, म्हणून 'भाऊबीज भेट' देतात. २०२५मध्ये ती दोन हजार रुपये होती. मालक म्हटलं की पीएफ, ग्रॅच्युइटी आणि युनियन येते. भाऊ म्हटलं की ओवाळणीत भागतं.

यादीबाहेरच्यांना अंदाज नसतो असं मात्र नाही. २०२५च्या दिवाळीत आग्रा-लखनौ एक्स्प्रेस-वेवरच्या फतेहाबाद टोलनाक्यावर कर्मचाऱ्यांच्या हातावर अकराशे रुपये बोनस टेकवण्यात आला. त्यांनी दांडे वर केले आणि बाजूला उभे राहिले. हजारो गाड्या टोल न भरता निघून गेल्या. अकराशेत किती माणसं खूश करता येतात, याचं उत्तर त्या रात्री मिळालं: गाडीवाले सगळे.

माधापूरला असलं काही होत नाही. दिवाळी पार पडते, मराठवाड्याकडची माणसं चिवड्याचे डबे घेऊन परततात आणि स्टोअररूममध्ये, वाटपाच्या दिवशी गैरहजर असलेल्यांचे, मखमली डबे तसेच पडून असतात. ते कुणाला द्यायचे, यासाठी समितीची पाचवी बैठक भरते. एजन्सीच्या लोकांना देऊन टाकावेत, असं परभणीची इंजिनिअर सुचवते. त्यानं चुकीचा पायंडा पडेल, असं गृहस्थांचं मत पडतं. डबे संक्रांतीपर्यंत राखून ठेवावेत असं ठरतं, आणि तोवर त्यातला एकही कमी होऊ नये म्हणून स्टोअररूमच्या दाराशी एक गार्ड नेमला जातो.