तीन डिग्री मागे

अमरावतीत हा माणूस ओळखायचा असेल, तर त्याच्या गाडीकडे पाहून काही कळणार नाही. गाडी पांढरी पोलो, चाकणला बनलेली, एक लिटरची, तीन सिलिंडरची, टर्बोवाली. मागे पंख नाही, काचेवर स्टिकर नाही, सायलेन्सर मूळचाच. स्टिकरवाल्या पोट्ट्यांची जात वेगळी. ह्याला ओळखायचं कानावरून. मे महिन्यात एसी असून ज्याच्या काचा खाली आहेत, गाणी बंद आहेत आणि रस्ता मोकळा असूनही जो कंपाउंडच्या भिंतीला खेटून गाडी नेतो आहे, तो हा. भिंतीवर आपटून इंजिनाचा आवाज परत येतो. त्यात डब्यातले फुटाणे खुळखुळल्यासारखा नाद आला, की पाय पेडलवरून निघतो आणि चेहऱ्यावर सुतक उतरतं.

आम्ही त्याला टायमिंगभाऊ म्हणतो. त्याच्या गाडीत पुढच्या सीटवर बसणं हे नोकरीला लागण्यासारखंच. बसल्याबरोबर हातात फोन येतो. गाडीच्या ओबीडीला, म्हणजे बिघाड तपासायच्या खाचेला, एक डबी लावलेली असते आणि फोनवर आकडे धावत असतात. ते मोठ्यानं वाचायचे.

"मायनस तीन," मी म्हणतो.

"कितव्यात?"

"कितव्यात म्हणजे?"

"सिलिंडर बे! तीन डिग्री मागं घेतलं त्यानं. कोणत्या सिलिंडरमधी घेतलं?"

"दोन नंबरच्या."

यावर तो बडनेऱ्यापर्यंत बोलत नाही.

हे मागं घेणं काय असतं, ते त्यानं मला इतक्यांदा समजावलं आहे की आता मी पाव्हण्यांना समजावू शकतो. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण ठिणगी पडताक्षणी जळून जात नाही, जळायला वेळ लागतो. म्हणून पिस्टन पार वर पोचायच्या आधीच ठिणगी टाकावी लागते, म्हणजे दाबाचा खरा दणका पिस्टन वरून खाली निघाल्यावर लगेच बसतो. किती आधी, ते डिग्रीत मोजतात. हे टायमिंग. टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरून सिलिंडरात जास्त हवा कोंबतो. हा बूस्ट. हवा कोंबली, की ती तापते. अशा मिश्रणात ठिणगी फार आधी टाकली, तर कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण ज्वाळा पोचायच्या आतच आपलं आपण पेटतं. तो नॉक. जास्त झाला तर पिस्टनला भोक. म्हणून इंजिनाला नॉक ऐकणारा सेन्सर असतो आणि त्याच्या सांगण्यावरून गाडीचा संगणक ठिणगी उशिरा टाकतो. उशिरा टाकली, की ताकद गेली आणि एक्झॉस्ट तापला. सगळा तंटा एवढाच.

तीन हजार आरपीएमला एक डिग्री म्हणजे सेकंदाचा अठरा हजारावा भाग. 'निघालोच' म्हणून अंघोळीला जाणाऱ्यांच्या गावात हा माणूस सेकंदाच्या अठरा हजाराव्या भागासाठी जेवण टाकतो.

त्याचे बाबा निवृत्त मास्तर. त्यांनी एकदाच विचारलं होतं, "अबे, तुले एवढं समजते, मंग कंपनीनं थे इंजिनीअर कायले ठेवले?"

"बाबा, त्यायले लद्दाखही पाहा लागते अन् अकोलाही. कोणी कसंही पेट्रोल टाकन, कोणी पाच वर्सं ऑइल बदलणार नाही. म्हणून थे राखून ठेवतात. मी माह्या गाडीपुरतं पाहून राह्यलो."

"अन् ॲव्हरेज?"

यावर टायमिंगभाऊकडे उत्तर नसतं. पुण्याहून रीमॅप करून, म्हणजे संगणकातले कंपनीचे ठिणगीचे आणि बूस्टचे आकडे बदलून आणलेल्या गाडीला घरात एकाच परीक्षेत पास व्हावं लागतं, आणि तीत तो दर महिन्याला नापास होतो.

आता ह्या रीमॅपवाल्यांच्या पंथात दोन शाखा आहेत. एमएच २७, म्हणजे अमरावती, टायमिंगवादी. बूस्ट बेताचा ठेवा आणि ठिणगी तिच्या वेळेवर पडू द्या, गाडी खालपासून गोड चालते. एमएच ३०, म्हणजे अकोला, बूस्टवादी. हवा कोंबा, टायमिंग लागेल तेवढं मागं ओढा, वर गेल्यावर जी लाथ बसते ती बसते. दोन्ही शाखांची सभा मधोमध मूर्तिजापुराला एका ढाब्यावर भरते. जागा योग्य आहे. याच जंक्शनवर शकुंतला रेल्वे यवतमाळहून आणि अचलपूरहून कापूस घेऊन यायची, आणि १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. दाब किती ठेवायचा आणि कधी सोडायचा, ही विद्या त्या गावाला टर्बोच्या आधीपासून ठाऊक आहे.

अकोल्याचा भाऊ म्हणतो, "तुमची गाडी म्हणजे नुसता सत्संग हाये. जीव कुठी हाये तिच्यात?"

आमचा म्हणतो, "तुह्या गाडीत जीव हाये ना, म्हणूनच तो कधी जाईन सांगता येत नाही."

मग दोघं एकमेकांचे लॉग, म्हणजे फोनवर साठवलेले आकडे, उघडून बसतात. दोन घोट चहा झाल्यावर कळतं, की अकोल्याच्या भाऊनंही एप्रिल लागल्यापासून बूस्ट कमी केला आहे. कारण ऊन. अकोल्याच्या उन्हापुढे कोणाचाच पंथ टिकत नाही. २०२४ च्या मे महिन्यात तिथे उष्णतेच्या लाटेपायी १४४ कलम लावावं लागलं होतं. डिसेंबरातल्या दहा अंशांच्या पहाटेपेक्षा पंचेचाळीस अंशांची हवा साधारण अकरा टक्के विरळ असते. म्हणजे तेवढाच बूस्ट गाठायचा तर टर्बोनं जास्त फिरायचं, हवा आणखी तापवायची, आणि इंटरकूलरनं ती थंड करायची कशानं, तर बाहेरच्या पंचेचाळीस अंशांच्या हवेनं. सेन्सर घाबरतो, ठिणगी मागे जाते, आणि रीमॅपवर घातलेले पैसे बोरगाव मंजूच्या आसपास कुठेतरी उन्हात वाळत पडतात.

यावर एक उपाय चांगलं पेट्रोल. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल आपलं आपण पेटायला नाखूश असतं, म्हणून ठिणगी लवकर टाकता येते. २०२० च्या डिसेंबरात देशात १०० ऑक्टेनचं पेट्रोल पंपावर आलं, तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई आणि पुणे होतं. वऱ्हाड नव्हतं. टायमिंगभाऊला हे अजून बोचतं. दांडेकर समितीनं १९८४ मध्ये सिंचनाचा, रस्त्यांचा अनुशेष मोजला. ऑक्टेनचा अनुशेष मोजायला समिती नेमा, असं तो आमदारांना सांगणार आहे. आता पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल आल्यावर सगळं गाव ॲव्हरेज पडलं म्हणून रडतं आहे. हा एकटा आतून खूश आहे, कारण इथेनॉलचा ऑक्टेन शंभराच्या वर आणि वाफ होताना ते हवा थंडही करतं. बाबांसमोर मात्र तोही रडतो.

अमरावती-अकोला रस्त्यावर २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते माना ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून झाली आणि गिनीज बुकात गेली. बाकीच्यांनी मिठाई वाटली. टायमिंगभाऊनं लॉग घेतला. खड्ड्याचा दणकाही सेन्सरला कधी कधी नॉक वाटतो. रस्ता गुळगुळीत असला, की जो नॉक दिसेल तो खरा. त्याच्या मते हा रस्ता त्यासाठीच झाला.

एवढी ताकद घेऊन तो चालवतो कसा? इंजिन गरम होईपर्यंत पाय हलका. सहाव्या गिअरमध्ये कमी आरपीएमला पेडल दाबणं निषिद्ध. ट्रकला ओव्हरटेक करायचं तर आधी दोन गिअर खाली, आरसा, हॉर्न, मग पाय. तेवढ्यात मागची जुनी अल्टो दोघांनाही मागे टाकून निघून जाते. मुक्कामाला पोचल्यावर टर्बो निवावा म्हणून मिनिटभर इंजिन चालू ठेवतो, आणि आम्ही आत घामानं निथळत बसतो. जिल्ह्यातली सगळ्यात जोरदार पोलो सगळ्यात भित्र्या माणसाकडे आहे.

वर्षातून एकदा त्याची दिवाळी येते. जानेवारीत पहाटे चिखलदऱ्याचा घाट. हवा विरळ, पण गार, आणि विरळपणा टर्बो भरून काढतो. त्या दिवशी तो फोन मला देत नाही. काचा खाली, मफलर कानावरून बाजूला, आणि वळणातून बाहेर पडताना गाडी अशी ओढते, की मीही गप्प बसतो. वर पोचल्यावर तो आकडे पाहतो. "झिरो," म्हणतो. "तिन्ही सिलिंडरमधी झिरो." मग मला चहा पाजतो. एरवी पाजत नाही.

रीमॅप कायद्यात बसत नाही, हे त्याला माहीत आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तो तोंडपाठ म्हणतो, म्हणूनच कंपनीची मूळ फाईल पेनड्राइव्हमध्ये देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात असते.

उद्या त्यानं गाडी विकायला काढली, तर बिनधास्त घ्या. ऑइल दर पाच हजारांवर बदललेलं असेल, प्लग नवे असतील, इंजिनानं कधी त्रास सोसलेला नसेल. फक्त तो पेनड्राइव्ह आठवणीनं मागून घ्या, मूळ फाईल गाडीत घालून घ्या, आणि ॲव्हरेज काय देते ते त्याला विचारू नका, बाबांना विचारा.