उणे पंचवीस टक्क्यांचा समुद्र

साडूनं मालदीवहून फोटो पाठवले. पांढरीशुभ्र यॉट, निळं पाणी, आणि हाफ चड्डीतला साडू सुकाणूशी उभा. (सुकाणू त्याच्या हातात फोटोपुरतंच दिलं होतं, हे त्याच्या घट्ट पकडीवरून कळत होतं.) बायकोनं मोबाइल माझ्यापुढं धरला आणि काहीच बोलली नाही. लग्नाला बावीस वर्षं झाली की एवढंही पुरतं.

"डाळजला जाऊ," मी म्हणालो. "तिथंही पाणी आहे."

डाळज म्हणजे तिचं माहेर. पुणे-सोलापूर रस्त्यावर, भिगवणच्या पुढं, उजनीच्या फुगवट्याला लागून. शिवाय डाळज एक नाही. नंबर एक, नंबर दोन आणि नंबर तीन. द्वीपसमूहाला आणखी काय लागतं?

दिवस एप्रिलचे. मेव्हण्याला विचारलं, "पाणी कितीवर आहे?"

"मायनस पंचवीस, दाजी."

समुद्र उण्यात जातो हे मालदीवमध्ये कुणाला सांगून पटणार नाही. उजनीत 117 टीएमसी पाणी मावतं, त्यातलं 63 टीएमसी मृतसाठा. म्हणजे धरण शून्यावर आलं तरी निम्म्याहून जास्त पाणी आत असतं, आणि पुढचा हिशेब उधारीच्या वहीसारखा उण्यात चालतो.

आमची यॉट मासेमाराची होती. तळाला चिलापीचे खवले चिकटलेले, बसायला आडवी फळी, फळीवर आमच्या मानासाठी युरियाचं रिकामं पोतं. लाइफ जॅकेट माझ्या पोटावर आवळलं जाईना. मामा, म्हणजे सासरे, धोतर-सदऱ्यावरच जॅकेट चढवून पुढच्या टोकाला जाऊन बसले. कप्तान कोण, हा प्रश्न तिथंच मिटला.

पाणी हिरवंगार होतं. मी नाकाला रुमाल लावला तसा मेव्हणा म्हणाला, "हे तुमच्याकडनंच येतंय, दाजी." खरंच होतं. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत येते; म्हणजे या समुद्रात आम्ही पुणेकर रोज सकाळी न चुकता भर घालतो. मी रुमाल खिशात ठेवला.

प्रवाळाचे खडक इथं नाहीत. केबली आहेत. पाणी मागं सरकलं की शेतकरी मोटार, पाइप आणि केबल घेऊन त्याच्या मागं मागं जातो. ऊस काही धरणाची टक्केवारी वाचत नाही. दर शंभर फुटांवर नावाडी ओरडायचा, "वाका!" आणि बांबूनं केबल वर उचलायचा. आम्ही सहकुटुंब वाकायचो. एवढे नमस्कार मी लग्नातही केले नव्हते. अशाच एका वाकण्यातून डोकं वर काढलं, तर समोर उथळात पाच-पन्नास रोहित पक्षी चोची उलट्या घालून चिखल गाळत उभे! बायको हळूच म्हणाली, "अहो, हे मालदीवच्या फोटोत नव्हते."

पळसदेवचं जुनं देऊळ दिसू लागलं आणि होडी चिखलात रुतली. यॉटवरच्या पाहुण्यांनी खाली उतरून ती ढकलायची असते, हे त्या दिवशी कळलं. शेवटी होडी तिथंच सोडून, चपला हातात घेऊन, पोटरीभर गाळ तुडवत पळसनाथाचं बेट गाठलं. धरण 1980 मध्ये पुरं झालं. गाव वर सरकलं, देऊळ तिथंच राहिलं. पावसाळ्यात पाण्याखाली, धरण रिकामं झालं की बाहेर. शिखराच्या विटांवर गाळाचा पांढुरका थर, भोवती वीरगळ कलंडलेले.

मामांनी काठीनं चिखलात एक रेघ ओढली. "जावईबापू, हा बाजाराचा रस्ता. हितं भजी मिळायची." मग रेघेच्या कडेकडेनं, बाजाराच्या दिवशी चालावं तसे, सावकाश पुढं गेले. मीही रस्ता सोडून चाललो नाही.

बायकोनं पाठमोऱ्या मामांसकट देवळाचा फोटो काढला आणि साडूला पाठवला. मिनिटात उत्तर आलं : "वा! कुठलं बेट? एका रात्रीचं किती घेतात?"

तिनं चिखलाच्या बोटांनी टाइप केलं : "सदरा नीट बघा. तुम्हीच दिवाळीला दिलाय."