फुटाला एक मिनिट

काकांकडे जेवायचं बोलावणं आलं की मुलांना गाडीतच बजावून ठेवावं लागतं: बेसमेंटमध्ये आगगाडी आहे, पण ती पळत नाही. पळणाऱ्या गाडीला काकांच्या लेखी कवडीची किंमत नाही. "पळवायला काय, कुणीही पळवतं. हळू चालवून दाखवा!"

काका न्यू जर्सीत. नोकरीतून निवृत्त झाले आणि बेसमेंटमध्ये रुजू झाले. तिथे आठ बाय चारच्या प्लायवूडवर त्यांचं राज्य आहे, १:८७ या प्रमाणातलं. रुळांतलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. यार्ड आहे, धान्याचं कोठार आहे, एक स्टेशनही आहे. पण त्यांतलं काहीही ते आपणहून दाखवणार नाहीत. दाखवणार ते फक्त डिझेल इंजिन, आणि तेही निघताना.

हा निघण्याचा क्षण हेच खरं दुखणं. खऱ्या डिझेल इंजिनात डिझेलवर जनित्र फिरतं आणि त्या विजेवरच्या मोटरी चाकं फिरवतात. मागे शंभर डबे असले तरी ते धूड मुंगीच्या पावलांनी सुटतं. छोट्या इंजिनाच्या अंगात ती शालीनता नसते. जागचं हलायला जोर जास्त लागतो, चालत राहायला कमी. म्हणून ते आधी ढिम्म हलत नाही आणि हललं की टुणकन उडी मारतं. काकांच्या एका अमेरिकन मित्राकडे १९५०च्या दशकातलं रबरबँडवर चालणारं इंजिन आहे. त्याला नुसती वीज दाखवली की ते पुढच्या स्टेशनात असतं. मित्र खूष होतो. काका सभ्यपणे दुसरीकडे बघतात.

त्यांची परीक्षा सोपी आणि क्रूर आहे. रुळाशेजारी फूटपट्टी ठेवायची, टेबलाला गाल टेकवून एक डोळा मिटायचा आणि स्टॉपवॉच दाबायचं. इंजिनानं एक फूट जायला एक मिनिट घेतलं, तर या प्रमाणात तो ताशी एक मैल झाला. पाहुण्यानं हे मिनिटभर श्वास रोखून बघायचं असतं. एकदा कुणीतरी "सुरू कधी होणार?" असं विचारलं. इंजिन तेव्हा सात इंच पुढे गेलेलं होतं! त्या गृहस्थांना पुन्हा खाली नेलेलं नाही.

विलंबित ख्यालाला माना डोलावणारी माणसं विलंबित आगगाडीला दाद का देत नाहीत, हा काकांचा कायमचा सवाल आहे.

हळू चालायचं तर चाकं स्वच्छ हवीत. पेपर टॉवेल आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून रुळांवर आडवा टाकायचा, इंजिनाची अर्धी चाकं त्यावर, अर्धी रुळावर, आणि मोटर चालू. टॉवेलवर दोन काळ्या रेघा उमटतात. त्या रेघा काका लॅबचा रिपोर्ट धरावा तशा उजेडात धरतात. "बघा! ही घाण. ही वीज अडवते." नव्या इंजिनाच्या गिअरचे दाते एकमेकांत बसावेत म्हणून त्यांना टूथपेस्ट लावून फिरवायचं आणि मग सगळी धुऊन काढायची, हाही जुन्या लोकांचा उपाय. त्यामुळे या घरात टूथपेस्ट आणि ब्रश कधी जागेवर नसतात. "घरात दोघांचेच दात नीट घासले जात नाहीत," असं काकू म्हणतात.

मोटरवरच्या पितळी फ्लायव्हीलबद्दल मात्र काकांपाशी बोलू नये. इंजिन वेगात असेल तर रुळावरचा मळका ठिपका ते चाक पार करून देतं, हे त्यांना मान्य आहे. "पण वेग अर्धा केला की त्यात साठलेली शक्ती पाव होते. रांगताना ते नुसतं शोभेचं!" मग इंजिनाच्या पोटात वीज साठवणारा कपॅसिटर कसा कोंबला, ते सुरू होतं. तोवर वर वरण निवतं.

१९९०च्या दशकात डिजिटल कंट्रोल आला आणि काकांना आकडे सापडले. इंजिनातला डीकोडर मोटरची वीज क्षणभर तोडतो, फिरती मोटर उलट किती व्होल्ट देते ते मोजतो आणि त्यावरून वेग सांभाळतो. डीकोडरच्या सेटिंगांना सीव्ही म्हणतात: सीव्ही दोन म्हणजे निघतानाचा व्होल्टेज, तीन म्हणजे वेग घेणं, चार म्हणजे थांबणं. फोनवर "कसे आहात?" विचारलं तर "तीन वाढवलाय" असं उत्तर येतं. पाहुण्यांची पोरं नॉब पूर्ण फिरवतात, काही होत नाही, ती कंटाळून वर जातात. आणि जिन्यात त्यांचे पाय वाजत असताना इंजिन निघतं.

गणपतीला आरतीनंतर सगळे प्रसादाच्या कागदी डिश घेऊन खाली उतरले, आणि कुणीतरी चकलीची डिश रुळावर ठेवली. काकांनी नॉब शून्यावर आणला. पण त्याच सकाळी त्यांनी सीव्ही चारचा आकडा चांगलाच वाढवलेला होता. इंजिन थांबेना. ते डिशला येऊन टेकलं, आणि ना थरथरता, ना अडखळता तिला ढकलू लागलं. रूळ संपत होते, पलीकडे टेबलाची कड. कुणीतरी हात पुढे केला.

"हात लावू नका!" काका ओरडले. गाल टेबलाला टेकलेला, स्टॉपवॉच चालू. "ओझं ढकलतंय, आणि झटका नाही! बघा, झटका नाही!"

काकूंनी डिशकडे पाहिलं, मग कडेकडे पाहिलं. "पडायला किती वेळ आहे?"

"दीड फूट राहिलंय. थांबलं नाही तर दीड मिनिट."

"मग मी तोवर चहाचं आधण ठेवून येते," असं म्हणून काकू जिना चढू लागल्या.