कायद्याने पिणारे

आमच्या मेहुण्यांच्या पाकिटात कुलदेवतेच्या फोटोमागे एक कागद घडी घालून ठेवलेला असतो. दारू पिण्याचा परवाना. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे, कागदोपत्री परवान्याशिवाय घोटभरही घेता येत नाही, हे शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसालाही ते आपणहून सांगतात. परवाना कशासाठी, तर आरोग्य राखण्यासाठी! हे सांगताना त्यांचा सूर सत्यनारायणाची पोथी वाचल्यासारखा लागतो. "आपण कायद्याने पितो," असं म्हणून मगच पहिला घोट.

आमचे थोरले काका मेहुण्यांना 'वाया गेलेला माणूस' म्हणतात. काकांना सुपारीचं खांडही चालत नाही. बँकेत उभी हयात गेली, पण तिथलं पेन कधी घरी आलं नाही. मात्र पुण्यात स्कूटर चालवताना हेल्मेट हुकाला लटकतं, आणि मंडईतून परतताना त्यात मेथीची जुडी बसते. "डोकं माझं, त्यात सरकारचं काय जातं?" चौक दिसला की मेथी मांडीवर, हेल्मेट डोक्यावर. चौक ओलांडला की मेथी पुन्हा सिंहासनावर. एकदा हवालदाराने काही न बोलता त्यांच्या केसांतलं मेथीचं पान काढून हातात दिलं. काका आठवडाभर चिडून होते. हवालदारावर, अर्थात. तत्त्वाच्या माणसाने कायदा मोडला तरी तो मोडलाय असं त्याला वाटतच नाही.

मी हसतोय खरा, पण आमच्याच स्वयंपाकघराच्या दारामागे पिशव्यांची पिशवी लटकतेय. २०१८ साली प्लॅस्टिकबंदी आली, तेव्हा मी आईला पेपरातली बातमी मोठ्याने वाचून दाखवली: पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड.

"बंदी वापरायला आहे. मी कुठे वापरते? मी जपून ठेवते."

"अगं, साठवायलाही बंदी आहे."

आई चष्मा पुसत राहिली. धडधाकट पिशवी फेकणं हे तिच्या लेखी भरल्या ताटावरून उठण्याइतकं पाप. त्याला दंड किती, हे कुठल्याच पेपरात आलेलं नव्हतं.

"वाचून झाला ना पेपर?" तिने विचारलं. "दे इकडे. डब्याखाली घालायला होईल."

आणि त्याची नीट चौघडी करून तिने तो पिशव्यांच्या पिशवीत ठेवला.