रिक्त पदाची रॅम

महाड-पोलादपूरकडच्या एका कार्यालयातल्या सर्व्हरचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हायला हवा. बसवलेली रॅम ६४ जीबी, कबूल फक्त ३२! तंत्रज्ञाने खोका उघडून दाखवलं, "दुसरा प्रोसेसर बसवलेलाच नाही साहेब, त्याच्या वाट्याचे स्लॉट जागे कसे होणार?" केवढी ही शिस्त! अधिकारीच नसेल तर त्याच्या टेबलावरच्या फायलीही नाहीत, हे यंत्रालाही उमगलं. याच भागातल्या शिवथरघळीत दासबोधाचे २० दशक उतरवून घेणाऱ्या कल्याणस्वामींना एवढी कार्यालयीन समज नव्हती. या सर्व्हरने दहाव्या दशकानंतर 'पद रिक्त' असा शेरा मारला असता.

तक्रारीची तत्पर दखल घेतली गेली. प्रोसेसरचा विषय पुढील आर्थिक वर्षात. तूट भरून काढायला आणखी ३२ जीबी रॅम तातडीने मंजूर.