आप्तेष्टांची मुलूखगिरी

ज्या गावाला प्राचीन देवालय आहे, पडका का होईना पण किल्ला आहे, निदान पावसाळ्यात वाहणारा एखादा धबधबा आहे, त्या गावच्या यजमानाची निम्मी चिंता त्याच्या पूर्वजांनी किंवा निसर्गाने परस्पर वाहिलेली असते. पाहुणे आले की त्यांची रवानगी त्या दिशेला करावी आणि आपण स्वस्थपणे वर्तमानपत्र वाचीत पडावे, इतका त्याचा मामला सरळ असतो. भिलाईकराला ही सवलत नाही. १९५५ च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी करार झाला, १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि या दोन तारखांच्या दरम्यान धानाच्या शेतांवर जे उगवले ते आमचे गाव. येथील वस्त्यांना पेठा आणि आळ्यांची नावे नाहीत, क्रमांक आहेत. रस्ते रुंद आहेत, झाडे ओळीत आहेत, आणि सेक्टर पाच पाहून झालेल्या मनुष्यास सेक्टर सहा दाखविल्याने त्याच्या ज्ञानात कोणतीही भर पडत नाही.

बघण्यासारखे आमच्याकडे मुख्यतः एकच आहे आणि ते तटबंदीच्या आत आहे. दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतून आलेला तांबडा दगड वितळून त्याचा पांढराशुभ्र तेजाचा ओघ कसा होतो, आणि त्याच पोलादाचा पुढे १३० मीटर लांबीचा एकसंध रूळ कसा लाटला जातो, हे दृश्य ज्याने पाहिले त्याला पुन्हा कोणत्याही धबधब्याचे फारसे अप्रूप उरत नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. परंतु १९६० साली सोव्हिएत पंतप्रधान क्रुश्चेव्ह येथे आले तेव्हा त्यांच्यासाठी जी फाटके सताड उघडली गेली, ती माझ्या मेहुण्यांसाठी उघडावीत असा अर्ज करणे म्हणजे परवाने, ओळखपत्रे आणि साहेबांच्या सह्या यांच्या लांबलचक जाबसालास आमंत्रण देणे होय. मी स्वतः त्याच कारखान्याच्या हिशेबदफ्तरात उभी हयात घालविली असल्यामुळे या जाबसालाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत, आणि म्हणूनच मी तो अर्ज करीत नाही. पाहुण्यांना मी रात्री गच्चीवर नेतो, क्षितिजावरची तांबूस प्रभा दाखवितो आणि ‘ते पाहा’ एवढेच म्हणतो. पाहुणे ‘हो का’ म्हणतात आणि डासांविषयी बोलू लागतात.

गतवर्षी नाशिकहून नानांचा फोन आला तो या पार्श्वभूमीवर. नाना म्हणजे माझ्या पत्नीचे थोरले बंधू, पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर द्राक्षमद्याच्या उपासनेस लागलेले गृहस्थ. “दाजी,” नाना म्हणाले, “तुम्ही आमच्याकडे आला होतात तेव्हा मी तुम्हांला वायनरीत नेलं होतं. तुमच्या तिकडची चांगली वायनरी कोणती, ते चौकशी करून ठेवा. आम्ही आठ दिवस येतोय. नागपूरहून आत्यालाही घेऊन येतो.”

येथे नाशिककरांच्या स्वभावात झालेल्या परिवर्तनाविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. नाशिकचा यजमान पूर्वी पाहुण्यांना रामकुंड, पंचवटी, काळाराम आणि त्र्यंबकेश्वर या ठरलेल्या मार्गाने फिरवून आणी आणि संध्याकाळी चिवडा बांधून देऊन निरोप देई. द्राक्षे तेव्हाही होती, पण ती खाण्याची. पुढे कॅलिफोर्नियाहून परतलेल्या राजीव सामंतांनी १९९७ साली गंगापूर धरणाच्या परिसरात मद्याच्या द्राक्षांची लागवड केली, २००० साली त्यांच्या ‘सुला’चे पहिले मद्य बाजारात आले, २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, आणि पाहता पाहता सकाळी गोदास्नान व सायंकाळी मद्यास्वाद असा एक समन्वित तीर्थविधी नाशकात रूढ झाला. या विधीचे मंत्रतंत्र नानांनी मनःपूर्वक आत्मसात केले आहे. पेला प्रथम तिरका धरून रंग न्याहाळावा, मग तो तीन वेळा गोल फिरवावा, मग त्यात नासिका प्रविष्ट करून डोळे मिटावेत, आणि सभोवतालच्या मंडळींचा धीर सुटण्याच्या बेतात आला म्हणजे एक घोट घेऊन ‘शेनिन ब्लाँ’ असे उद्गारावे. आमच्या घरी कोकम सरबताचा पेलासुद्धा नाना याच पद्धतीने हाताळतात, आणि त्या वेळी वहिनी नेहमी म्हणतात, “अहो, आमसुलांचं आहे ते. प्या आता.”

मी चौकशी केली. छत्तीसगडात १ एप्रिल २०१७ पासून किरकोळ मद्यविक्री शासनाच्या महामंडळामार्फत चालते. परंतु त्या दुकानाच्या खिडकीपुढील रांगेत वडीलधाऱ्या मेहुण्यास उभे करून ‘चाखून पाहा’ म्हणण्याची तजवीज शासनाने केलेली नाही. द्राक्षांचे मळे म्हणावे, तर आमचा धमधा तालुका नामांकित आहे तो टोमॅटोसाठी. राहता राहिले मोहाचे झाड.

पाहुण्यांची स्वारी मार्चअखेर आली. मार्चअखेर हा आम्हां हिशेबनिसांच्या आयुष्यातील सर्वांत अमंगल काळ. निवृत्त झालो तरी त्या दिवसांत छातीत धडधडते, आणि त्यातच पाहुणे. मराठी माणसांचे या मुलखात असे येणे नवे नाही. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करपंत फौजेसह रतनपुरावर चालून आले, तेव्हा तेथील वृद्ध राजा रघुनाथसिंह याने फारसा प्रतिकार न करता शरणागती पत्करली आणि लाख रुपयांचा दंड भरला. पुढे बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपुरास राहूनच कारभार पाहू लागले आणि १७८७ पर्यंत राहिले. शाळेत हा इतिहास शिकताना माझी सहानुभूती स्वाभाविकपणे भास्करपंतांकडे असे. दुर्ग स्थानकावर नानांचे सहा नग सामान आणि आत्याबाईंची फिरकीच्या तांब्यासह अवतरलेली मूर्ती पाहताच ती रघुनाथसिंहाकडे गेली.

पहिल्याच रात्री मसलत बसली. नानांचा पक्ष वायनरीचा. आत्याबाईंचा पक्ष डोंगरगडच्या बम्लेश्वरीचा, मात्र गुडघ्यांमुळे हजाराहून अधिक पायऱ्या न चढता रोपवेने जाण्याच्या अटीवर. वहिनींना कोसा साड्या पाहावयाच्या होत्या. भोरमदेवाची अकराव्या शतकातील शिल्पे पाहण्याची माझी सूचना, ‘मूर्ती कशा प्रकारच्या आहेत’ हे आत्याबाईंनी खोदून विचारल्यामुळे, माझी मलाच परत घ्यावी लागली. माझ्या पत्नीने सर्वांना संमत असा मध्यममार्ग म्हणून मैत्रीबागेचे नाव काढले. भारत-सोव्हिएत मैत्रीच्या स्मरणार्थ १९७२ साली कारखान्याने उभारलेली ही बाग आणि तिच्यातील प्राणिसंग्रहालय म्हणजे प्रत्येक भिलाईकराचे अखेरचे शस्त्र होय. ज्या मैत्रीसाठी ती स्थापन झाली त्या मैत्रीतील एक पक्ष, म्हणजे समग्र सोव्हिएत संघ, १९९१ साली नाहीसा झाला, पण पांढरे वाघ अद्याप आहेत. आम्ही गेलो तेव्हा ते झोपलेले होते. नाना म्हणाले, “उठवत नाहीत का यांना?”

डोंगरगड निर्विघ्न पार पडले. देवस्थानांचा हा एक मोठा गुण आहे की तेथे पाहुण्यांचे समाधान करण्याची जबाबदारी देवीवर असते. येताना आम्ही राजनांदगावास उतरलो, कारण एकदा तरी पाहुण्यांना माझ्या पसंतीचे काही दाखवावे अशी माझी इच्छा होती. तेथील दिग्विजय महाविद्यालय जुन्या राजवाड्यात आहे, दोन्ही अंगांना तलाव आहेत, आणि त्याच आवारात गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून १९६४ मधील मृत्यूच्या वर्षापर्यंत राहिले. मातृभाषा मराठी असलेल्या या गृहस्थाने हिंदी कवितेला असे काही हलविले की तिचा इतिहास त्यांना वळसा घालून लिहिता येत नाही. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मात्र मराठीत राहिले आणि मराठीचेच साहित्य अकादमी पारितोषिक त्यांना मिळाले. एकाच घराने दोन भाषांना एकेक कवी द्यावा, ही वाटणी मला फार न्याय्य वाटते. हे सर्व मी पुष्कळ भारावून सांगितले. कवींच्या निवासातील तो प्रसिद्ध चक्राकार जिना आत्याबाईंनी खालूनच निरखला आणि त्या म्हणाल्या, “एवढ्या मोठ्या माणसाला जिना सरळ नाही का देता आला?” यावर नाना, जे आतापर्यंत तलावाच्या सांडव्याची व्यवस्था शोधीत होते, ते म्हणाले की चक्राकार जिन्याला जागा कमी लागते. मुक्तिबोधांच्या वाङ्मयावर आमच्या कुटुंबात झालेली चर्चा एवढीच.

येथून खैरागडास जाण्याचाही माझा विचार होता. तेथील राजाने आपला राजवाडा देऊन १९५६ साली संगीताचे विश्वविद्यालय काढले, आणि भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर त्याचे कुलगुरू झाले होते. परंतु वहिनींनी ‘तिथं साड्या मिळतात का’ असे विचारले, आणि मी मोटार भिलाईकडे वळविली.

आता मोहाविषयी. बालोदच्या वाटेने तांदुला धरणाकडे जाण्याचे ठरले तेव्हा नानांना पहाटे चार वाजता उठविण्यात आले. वायनरी सायंकाळची असते, असा त्यांनी आक्षेप घेतला, पण मोहाला सायंकाळ चालत नाही. त्याची फुले रात्री उमलतात आणि पहाटेपासून टपटप गळू लागतात; झाडाखालचा पालापाचोळा आधीच जाळून जमीन साफ केलेली असते, आणि बायकामुले उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन ती वेचावयास बसलेली असतात. फिकट पिवळसर, मांसल, रसाने भरलेली ही फुले वाळली म्हणजे मनुकांसारखी दिसू लागतात. ती भिजवून आंबवितात आणि मग भांड्यावर भांडे चढवून, खाली विस्तव घालून, वाफेचा थेंब थेंब गाळून घेतात. नाशिकच्या मद्याला इतके सोसावे लागत नाही. ते आंबले की झाले. या दृष्टीने मोहाची विद्या द्राक्षाच्या विद्येहून एक इयत्ता पुढची आहे, हे मी नानांच्या नजरेस आणून दिले. आणि अनुसूचित क्षेत्रातील आदिवासींना घरगुती वापरापुरती ही दारू गाळण्याची मुभा आहे, विकण्याची नाही, आणि निवृत्त उपअभियंत्यांचा तर त्या कायद्यात उल्लेखही नाही, हेही सांगितले.

एका म्हाताऱ्या बाईने नानांच्या हातावर चार ताजी फुले ठेवली. नानांनी ती प्रकाशात धरली, बोटांत फिरविली, त्यांचा वास घेतला, डोळे मिटले, आणि एक फूल तोंडात टाकून बराच वेळ चघळीत राहिले. सारी मंडळी निकालाची वाट पाहत होती. बाईसुद्धा टोपली खाली ठेवून उभी राहिली. “पूर्वार्ध द्राक्षाचाच आहे,” नाना सावकाश म्हणाले, “पण उत्तरार्धात एक धुराची छटा आहे. फार दुर्मीळ.”

“अहो, खाली पाला जाळलाय,” वहिनी म्हणाल्या. “धूर येणारच.”

तांदुल्याच्या बांधावर मात्र नानांना सूर सापडला. इंग्रजी अमदानीत बांधलेल्या आणि आमच्या कारखान्याला पाणी पुरविणाऱ्या त्या धरणाची त्यांनी उन्हातान्हाची पर्वा न करता तपासणी केली, सांडव्याविषयी दोन अनुकूल आणि एक प्रतिकूल अभिप्राय दिला, आणि परतीच्या वाटेवर वायनरीचे नाव काढले नाही. पाहुण्याला सहलीचे स्थळ दाखवताना त्याच्या आवडीपेक्षा त्याच्या पूर्वीच्या खात्याचा विचार करावा, हे मला तेव्हा उमगले.

जाण्याच्या आदल्या दिवशी वेळ उरला म्हणून आम्ही देवबलोद्याला गेलो. भिलाई-३ च्या जवळच कलचुरी काळातील हे शिवालय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली उभे आहे, आणि सेक्टरांत जन्म काढलेली कित्येक माणसे महाशिवरात्रीची जत्रा सोडता तिकडे फिरकत नाहीत. नक्षी बारीक आहे, शेजारी कुंड आहे, आणि शिखर अपुरे आहे. ते अपुरे का, याची कथा तेथे सांगतात ती अशी: शिल्पी विवस्त्र होऊन एकाग्रतेने काम करी आणि त्याची पत्नी रोज जेवण घेऊन येई, एके दिवशी पत्नीऐवजी बहीण अवचित आली, तिला पाहून लज्जेने त्याने कुंडात उडी घेतली, आणि देऊळ तसेच राहिले. आत्याबाईंनी हळहळून हात जोडले. मी त्या अपुऱ्या शिखराकडे बराच वेळ पाहत उभा राहिलो. न कळविता येणाऱ्या नातेवाइकांमुळे काय अनर्थ ओढवतो, याचा इतका जुना आणि पाषाणात टिकलेला दाखला दुसरा माझ्या पाहण्यात नाही.

तरी नाशिक, नागपूर, पुणे व अन्यत्र असलेल्या समस्त आप्तेष्टांस नम्र विनंती की, भिलाईस यावयाचे असल्यास पुरेसे आधी कळवावे. मोह पाहावयाचा असल्यास मार्चअखेर आणि इतर सर्व गोष्टींसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. मे महिन्यात कोणत्याही सबबीवर येऊ नये. आणि परतीचे आरक्षण येथे आल्यावर करू म्हणून न थांबता, निघण्यापूर्वीच आपापल्या गावी पक्के करून ठेवावे.