शिलकी नगरीचे वैभव

फेब्रुवारी सरता सरता आमच्या नगरपरिषदेच्या सभागृहात अंदाजपत्रकाची विशेष सभा भरते आणि नळाला दिवसाआड पाणी, गटाराला झाकण नाही, स्मशानाच्या वाटेवर दिवा नाही, अशी रयतेची रड चालू असतानाच, पालिकेने यंदाही शिलकी अंदाजपत्रक मंजूर केल्याची वार्ता नगराध्यक्षांच्या छायाचित्रासह दुसऱ्या दिवशी छापून येते. ज्या नगरीत काहीच पुरत नाही तेथे पैसा तेवढा उरतो, या चमत्काराची मीमांसा कोणी विद्वानाने अद्याप न केल्यामुळे ते कार्य यथामती आम्हीच हाती घेत आहोत.

नगरपालिकांची जकात १९९९ साली बंद झाली, नाक्यावरचे कारकून कचेरीत येऊन बसले आणि तिच्या मोबदल्यात सरकारी सहायक अनुदानाची वाट पाहणे हेच पालिकेचे मुख्य कार्य होऊन बसले. घरची म्हणावी अशी मिळकत उरली ती घरपट्टीची. तिची फेरआकारणी दर चार वर्षांनी करावी असा दंडक आहे खरा. परंतु निवडणूक नुकतीच झालेली तरी असते किंवा तोंडावर आलेली तरी असते, आणि या दोहोंच्या मधल्या काळात मतदारास दुखवावे असा मुहूर्त कोणत्याच पंचांगात सापडत नाही. घरपट्टीच्या बिलात शिक्षण कर आणि रोजगार हमी करही असतात. ते पालिकेने वसूल करून सरकारजमा करावयाचे, म्हणजे शिव्या तेवढ्या स्थानिक निधीत राहतात.

मग शिल्लक येते कोठून? आमच्या परिचयाच्या एका सेवानिवृत्त लेखापालांनी आरंभीच्या शिलकेच्या रकान्यावर बोट ठेवून हे रहस्य उलगडले. पाण्याच्या टाकीसाठी अनुदान येते. जागेचा वाद निघतो. टाकी उभी राहत नाही आणि रक्कम बँकेत पडून राहते. वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी व स्वच्छता यांखेरीज अन्यत्र खर्च करता येत नाही, आणि पाणी व स्वच्छता यांवर तो खर्च करण्यास नकाशा, तांत्रिक मंजुरी, निविदा, फेरनिविदा असे इतके सोपस्कार करावे लागतात की वर्ष संपते. ३१ मार्चची अखेरची शिलक १ एप्रिलला आरंभीची शिलक म्हणून पुनर्जन्म घेते. तात्पर्य, जी कामे झाली नाहीत त्यांचाच हा पैसा. बाजारपेठेतला प्रत्येक खड्डा ही एक मुदतठेव आहे आणि तो बुजवू पाहणारा मनुष्य नगरीच्या तिजोरीचा वैरी मानला पाहिजे.

पालिका खर्चच करीत नाही असे मात्र कोणी समजू नये. भाजी मंडईसमोरच्या रस्त्यावर गेल्या मार्चात, वर्षअखेरीच्या घाईत, लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक बसले, आणि ते इतक्या तत्परतेने बसले की गटाराच्या तोंडावर एक हातगाडी उभी होती तेवढा चौकोन सोडून बाकी सर्व काम पूर्ण झाले. पुढे जलवाहिनीवाले आले, त्यांनी मधोमध चर खणला आणि काढलेले ब्लॉक कडेला रचून ठेवले; हल्ली त्यांवर कोथिंबीर विकावयास बसतात. कामाचा फलक मात्र जागेवर आहे आणि त्यावरील नगरसेवकांचे नाव पावसातही पुसले गेले नाही, यावरून रंगाचा दर्जा ध्यानी यावा.

यंदाच्या सभेत त्याच गटाराचा प्रश्न एका सभासदांनी विचारला. प्रकरण निविदा प्रक्रियेत आहे, असे उत्तर मिळून चर्चा चहापानापर्यंत लांबली. त्यानंतर ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळी येणारे विषय’ या सदराखाली शहराच्या वेशीवर स्वागत कमान उभारण्याचा ठराव आला. सूचकास अनुमोदक लगेच भेटले, एकमत झाले आणि बटाटेवड्याची दुसरी बशी येण्यापूर्वी तो मंजूरही झाला. कमानीस कोणी नावे ठेवू नयेत. गटार जमिनीखाली असते, उद्घाटनाची फीत त्याला कोठे बांधणार?

शिवाय गटाराचीही उपेक्षा झाली आहे असे नाही. सभासदांच्या भावनांचा आदर करून त्यासाठीची तरतूद यंदा दुप्पट करण्यात आली आहे, त्यामुळे पुढील वर्षीच्या शिलकेची चिंता लेखा विभागास उरलेली नाही.